शेऱ्याचा रकाना

नसीमाने कॉम्प्युटरचं पोट उघडलं आणि आतून अक्षता पडल्या. चांगल्या मूठभर. त्यांच्यामागून कुंकवाने लाल झालेला धुळीचा लगदा निघाला, त्यात एक मेलेलं झुरळ. मला शिसारी आली. सुनेने घासलेल्या भांड्यावर बोट फिरवून बघणारी बाई मी, आणि माझ्याच टेबलाखाली हे.

"आक्का, तुम्ही याची पूजा करता?" तिने विचारलं.

"खंडेनवमीला करते. ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा करू नये?"

"करा की. पण अक्षता वरून वाहा. मागे ही जाळी आहे ना, तिथून हे श्वास घेतं. तुम्ही मूठ थेट आत सोडलीय. पंखा अडकला, डबा तापला, म्हणून तुमचं काम रखडतंय."

याला आता नऊ वर्षं झाली. दसरा होऊन आठवडा झाला होता. जयसिंगपुरात आमचं सुयोग वधू-वर केंद्र आहे. मालक गेल्यावर मी ते काढलं, चौथी शिकलेल्या बाईने. तेव्हा केंद्राला एकवीस वर्षं झाली होती आणि मी जुळवलेल्या जोडप्यांच्या पोरी माझ्याकडे नाव नोंदवायला येऊ लागल्या होत्या. समाजात कुणाच्याही दारात गेले तरी मला आधी पाट मिळायचा, मग पाणी. माझी सून रोहिणी हीसुद्धा माझ्याच वहीतून आलेली. माझ्या हातचं स्थळ, असं मी चारचौघांत सांगायची.

त्या वह्या रोहिणीनेच कॉम्प्युटरवर चढवल्या. एक मोठा तक्ता केला. मुलीचं नाव, जन्मवेळ, शिक्षण, फोन, पत्ता, बाप काय करतो, मुलाकडची पसंती होय की नाही. शेवटचा रकाना माझा. त्याचं नाव शेरा. मी झोपाळ्यावर बसून सांगायची, रोहिणी टाइप करायची. तो रकाना बाहेरच्या कुणाला दाखवायचा नाही, एवढाच नियम होता.

नसीमा मुल्ला म्हणजे स्टँडजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाची मालकीण. नवरा काउंटर सांभाळायचा, मशीन ती उघडायची. पस्तिशीची असेल. हळू आवाजात बोलायची आणि बोललेलं मागे घ्यायची नाही. ते मला आवडायचं नाही, कारण आमच्या घरात तसं बोलायचा हक्क फक्त माझा होता.

तिने ब्रशने सगळं झाडलं, पंखा पुसून फिरवून बघितला आणि मशीन चालू केलं. स्क्रीनवर लगेच लाल-पिवळ्या जाहिराती नाचायला लागल्या.

"हे वेग वाढवणारं कुणी बसवलं?"

"आमच्या जावयांनी," मी म्हटलं. "फुकट मिळालं."

"हेच सगळा वेग खातंय. फुकट वेग वाढवून देतो म्हणणारं काही कधी आत घ्यायचं नाही. काढून टाकते."

"जावयाने बसवलेलं काढायचं नाही. दिवाळीला येतील, विचारलं तर काय सांगू?"

नसीमाने रोहिणीकडे बघितलं. रोहिणीने भिंतीकडे बघितलं. ते तसंच राहिलं. मग नसीमाचं लक्ष स्क्रीनच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीकडे गेलं. त्यावर आमच्या कुलदेवीचं नाव होतं, अंबाबाई, आणि पुढे केंद्र काढलं ते साल. मशीनचा पासवर्ड तोच, केंद्राच्या ई-मेलचा तोच. एकच असला की विसरायला होत नाही.

नसीमाने तिच्या त्या हळू आवाजात सगळं समजावून सांगितलं. दर दाराला वेगळी किल्ली हवी. देवाचं नाव, पोराचं नाव, लग्नाचं साल, हे कुणीही ओळखतं. तक्त्याची एक प्रत ई-मेलमध्ये ठेवली हे चांगलं केलं, मशीन गेलं तरी तक्ता राहील, पण मग त्या दाराला कुलूपही तसं पाहिजे. पासवर्ड घातल्यावर मोबाइलवर आकडा येईल, तो घातल्याशिवाय उघडणार नाही, असं करता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

"आणि ही चिठ्ठी आधी फाडून टाका," ती म्हणाली.

"देवीच्या नावाची चिठ्ठी फाडायची? आणि काय, कचऱ्यात टाकू? तुला नाही कळायचं ते."

तिने हातातला स्क्रू पूर्ण आवळला.

"नाही कळायचं," ती म्हणाली आणि पिशवी उचलली.

मी तिला चहा घ्यायला बसवलं आणि टेबलावरची पत्रिका दाखवली. कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला राहवत नव्हतं. रविवारी उज्ज्वला बिद्रेचा साखरपुडा होता, हुपरीकरांच्या थोरल्याशी. उज्ज्वला हायस्कूलला गणित शिकवायची. एकतीस वर्षांची. पहिलं ठरलेलं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं होतं, त्यात तिची काही चूक नव्हती, पण आपल्याकडे मोडलेलं म्हणजे मोडलेलं. चार वर्षं तिचं नाव माझ्याकडे होतं. दर महिन्याला तिचे वडील यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि काही न विचारता चहा पिऊन जायचे. आता त्यांनी मंडप सांगितला होता.

"चार वर्षं लागली," मी नसीमाला म्हटलं, "पण बसवलं. हे तुमच्या मशीनला जमायचं नाही."

ते सोमवारी.

बुधवारी सकाळी नऊला कुरुंदवाडच्या एका बाईंचा फोन आला. रडत होत्या. आक्का, माझ्या पोरीबद्दल हे काय लिहून ठेवलंय तुम्ही. मला काही कळेना. तेवढ्यात रोहिणी आतून आली. चेहरा पांढरा, हातात मोबाइल. आमच्या समाजाच्या ग्रुपवर कुणीतरी अख्खा तक्ता टाकला होता. नावं, फोन, पत्ते आणि शेवटचा रकाना. वर लिहिलं होतं, आक्का तुमच्याबद्दल काय म्हणतात, नक्की वाचा.

दुपारपर्यंत माझा फोन गरम झाला. माणसांची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती. जो तो आधी आपल्या पोरीबद्दल बोलायचा, आवाज भरून यायचा, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आणि मग आवाज खाली यायचा. आक्का, ते जाऊ द्या, पण चौगुल्यांच्या धाकटीचं लिहिलंय ते खरं आहे काय हो. एक गृहस्थ तर म्हणाले, पोरीचं दुखतंय मला, पण सुताराच्या मळ्यातल्या त्या दोघींचं तुम्ही बरोबर ओळखलंय. त्यांची स्वतःची पोरगी मागे रडत होती, मला फोनमधून ऐकू येत होती.

मी सगळ्यांना एकच सांगितलं. तक्ता माझा, शेरे माझे नव्हेत. ज्याने चोरी केली त्याने ते मागाहून घुसडले. बहुतेकांना ते पटलं. माझा शब्द होता तो.

पण चोर कोण, याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. सोमवारी मशीनचं पोट कुणी उघडलं होतं? मी रिक्षा केली आणि स्टँडजवळ गेले. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. त्यांच्यासमोर, तिच्या नवऱ्यासमोर मी नसीमाला चोर म्हणाले. तिच्या जातीवरही बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, हाताला घाण वाटते.

तिचा नवरा काउंटरवरून उठला. तिने त्याला हातानेच बसवलं. पिशवी घेतली, माझ्या आधी रिक्षात जाऊन बसली.

घरी आल्यावर तिने रोहिणीला ई-मेल उघडायला सांगितलं. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या मशीनवरून ते उघडलं याची सगळी यादी तिथे असते. मला ते माहीत नव्हतं. तिने एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा तुमचा कॉम्प्युटर नाही. कुणाचा तरी मोबाइल आहे. खंडेनवमीची संध्याकाळ, सात वाजून दहा मिनिटं. मी तुमच्या घरी आले ती त्यानंतर आठ दिवसांनी." मग तिने मला विचारलं, "त्या दिवशी संध्याकाळी इथे काय होतं, आक्का?"

"पूजा."

"फोटो काढला होता?"

काढला होता. मीच काढला होता. मोबाइलमधलं तेवढं एक मला येत होतं, फोटो काढून स्टेटसला टाकायचा, आणि त्याचा मला केवढा अभिमान. समाजाच्या ग्रुपवरही टाकला होता. चारशे माणसं त्यात.

रोहिणीने तो काढून दिला. नसीमाने दोन बोटांनी मोठा केला. कॉम्प्युटरला झेंडूचा हार. मागे भिंतीवर केंद्राची पाटी, त्यावर ई-मेलचा पत्ता, मी हट्टाने मोठ्या अक्षरात रंगवून घेतलेला. आणि स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी. देवीचं नाव म्हणून मी तिलाही हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, अगदी नावाच्या दोन्ही बाजूंना. डोळा दुसरीकडे कुठे जातच नव्हता.

"कुलूपही दाखवलंत आणि किल्लीही," नसीमा म्हणाली. "ज्याने बघितलं त्याला फोडायचं काही शिल्लकच नव्हतं."

तो माणूस कोण ते आजपर्यंत कळलं नाही. तक्रार दिली, चौकशी झाली. चारशेंपैकी एक. माझ्याच पंगतीत जेवून गेलेला असणार.

मी म्हटलं, "माझं चुकलं, नसीमा."

"इथे कोण ऐकतंय?" ती म्हणाली. "चोर मला दुकानात म्हणालात. हेही तिथेच येऊन म्हणा."

गेले. दुसऱ्या दिवशी, दुकानात माणसं असताना. पण ते सोपं गेलं. अवघड होतं ते त्याआधी, त्याच बुधवारी संध्याकाळी झालं.

नसीमा पासवर्ड बदलायला बसली होती. जावयाचं ते वेगवालं तिने मला न विचारता काढून टाकलं आणि मी काही बोलले नाही. तेवढ्यात उज्ज्वला आली. शाळेतून थेट आली असावी, बोटांना खडू होता. ये बस म्हटलं तर बसली नाही.

मी लगेच सुरू केलं. बाई गं, चोराने काय काय घुसडलंय बघ त्यात, मी असं कशाला लिहीन, तुला मी ओळखत नाही काय. दिवसभर बोलून बोलून ते माझ्या तोंडात चांगलं बसलं होतं.

तिने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि नसीमाकडे वळली. "ताई, हे मागाहून घुसडलं असेल का?"

नसीमाने माझ्याकडे बघितलं. तक्त्यात कुठली ओळ कधी लिहिली ते सगळं राहतं, हे ती मघाशीच रोहिणीला दाखवत होती. तिने एका वाक्यात माझं नाक कापलं असतं. मी दुपारी तिचं कापलं होतंच.

"आक्कांना विचारा," ती म्हणाली आणि पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागली.

झोपाळ्याची कडी तेवढी वाजत होती. मी पाय टेकून तो थांबवला.

"मीच लिहिलं," मी म्हटलं.

उज्ज्वलाने मोबाइल काढला आणि वाचलं. मुलांना गणित वाचून दाखवावं तसं, न थांबता. "एकदा मोडलेली. हुशारीचा ताठा. दात पुढे. वय हाताबाहेर चाललंय, आता पदरी पडेल ते घेतील. उरलेला माल, लवकर काढावा."

तिने मोबाइल खाली केला.

"शेऱ्यापुढे जून लिहिलंय ना?" तिने विचारलं. "जूनमध्ये मी रोज संध्याकाळी इथे येत होते. तुमच्या नातीला अपूर्णांक शिकवायला. तुम्ही मला शिरा द्यायचात."

मी म्हटलं, झालं ते झालं, साखरपुडा बिघडू देणार नाही. हुपरीकरांना मी फोन करते. मी जुळवलंय, मी निस्तरते.

"त्यांचाच आला होता दुपारी. सासूबाईंचा. साखरपुडा ठरल्याप्रमाणे होईल म्हणाल्या, काळजी करू नकोस. फक्त आता नोकरी सोडायची आणि गावी त्यांच्याजवळ राहायचं. आधी असं ठरलं नव्हतं, मी म्हटलं. तर हसल्या. म्हणाल्या, तुमच्या आक्कांनीच लिहिलंय की, पडेल ते घेतील."

"मग तू काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं. लग्नालाच."

"कुणाला विचारून?" माझ्या तोंडून गेलं. इतक्या वर्षांची सवय.

"उरलेल्या मालाला विचारून," ती म्हणाली.

मला तिच्या वडिलांचा मंडप आठवला, आणि खुर्चीच्या कडेवर बसणारे ते. मी रोहिणीला म्हटलं, तो रकाना खोड. सगळा. आत्ताच्या आत्ता.

"खोडू नका," उज्ज्वला म्हणाली. "चारशे घरांत गेलाय तो. तुम्ही इथला खोडलात तर तुमचं तेवढं टेबल स्वच्छ होईल. माझ्या शेऱ्याखाली एक ओळ लिहा. मुलीने नकार दिला."

रोहिणीने तक्ता उघडला, मग हळूच म्हणाली, "तसा रकाना नाही आपल्याकडे. मुलाकडची पसंती आहे, होय किंवा नाही. मुलीकडचं काही नाही."

नव्हतंच. एकवीस वर्षांत तो पाडायचं मला सुचलं नव्हतं. आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"मग शेऱ्यातच लिहा," उज्ज्वला म्हणाली. "रोहिणीताईंनी नको. आक्कांनी लिहायचं. झोपाळ्यावरून सांगायचं नाही."

मी त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. बटणांवर मराठी अक्षरं चिकटवलेली होती, ती अर्धी पुसलेली, फटींत कुंकू आणि हळद बसलेली. एक एक अक्षर शोधत गेले. कुठलं बटण दाबलं की वर यायचंच नाही, त्याच अक्षराची रांग उमटायची, ती खोडून पुन्हा. घाम फुटला मला. मदतीला कुणी पुढे आलं नाही. एकदा फक्त नसीमाने पिशवीतून ब्रश काढला, अडकलेलं बटण झाडून दिलं आणि मागे सरकली.

ओळ पुरी झाल्यावर उज्ज्वलाने वाकून वाचली. तिच्या मोबाइलमध्ये फोटो काढला. मग पदराने खडूची बोटं पुसत ती जिना उतरून गेली. नसीमाही उठली. जाताना म्हणाली, नवा पासवर्ड कुणीतरी एकानेच ठेवायचा, कुठे लिहायचा नाही, आणि मोबाइलवरचा आकडा त्याच माणसाच्या फोनवर येईल. कोण ते तुम्ही ठरवा.

आम्ही दोघीच उरलो. मी खुर्चीतून उठले, रोहिणी बसली.

"वाचून दाखव," मी म्हटलं. "शेरे. सगळे, वरून."

ती वाचत गेली. माझेच शब्द, पण दुसऱ्याच्या तोंडून, त्यातही सुनेच्या. काळी. बुटकी. बाप पिणारा. आई तोंडाळ. चालताना पाय ओढते. सांगताना मला ते व्यवहाराचं वाटायचं. आता सोमवारी त्या डब्यातून निघाला तसा लगदा बाहेर येत होता आणि थांबत नव्हता. पाच-सहा पानं झाल्यावर रोहिणी अडखळली.

"का थांबलीस?"

"आई, ही मी आहे."

तिच्याबद्दल मी काय सांगितलं होतं ते आठवेना. खरंच आठवत नव्हतं. अकरा वर्षं झाली होती तिच्या लग्नाला. जुन्या वह्या तिनेच उतरवून घेतल्या होत्या, म्हणजे तिने हे तेव्हाच वाचलं होतं, स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं, आणि उठून मला चहा करून दिला होता. आता ते चारशे घरांनीही वाचलं होतं. सकाळपासून तिने एका शब्दाने मला कळू दिलं नव्हतं.

"वाच," मी म्हटलं.

"रंग सावळा. बाप नाही. तोंड वर करून बोलणार नाही. आपल्याला चालेल."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"त्याखाली लिही," मी म्हटलं. "तुला हवं ते. मी बघणार नाही."

"नको," रोहिणी म्हणाली. तिने स्क्रीन स्वतःकडे वळवला, डावा हात बटणांवर आडवा धरला आणि उजव्या हाताने काहीतरी टाइप केलं. लांबलचक. मग तिचा फोन वाजला, त्यावरचा आकडा तिने बघून घातला. "पासवर्ड मी ठेवलाय. तो तुम्हाला सांगणार नाही."

मी चिठ्ठी सोडवून घेतली आणि देवघरात नेऊन ठेवली. तक्त्यात आता मुलीकडच्या होय-नाहीचा रकाना आहे. शेऱ्याचा नाही, असं रोहिणी सांगते. नऊ वर्षं झाली. पासवर्ड मला अजून माहीत नाही, आणि मी विचारलेला नाही.